एकच पुस्तक, अनेक आवृत्त्या: ऑनलाइन परीक्षण लिहावं कसं

एखाद्या गाजलेल्या पुस्तकाच्या ऑनलाइन पानावर खाली खाली जात परीक्षणं वाचली की डोकं चक्रावतं. एक म्हणतो शेवट अंगावर येतो, दुसरा म्हणतो शेवट मिळमिळीत. एकीला अक्षर सुरेख वाटतं, दुसरीला भिंग घेऊन बसावं लागतं. गंमत अशी की यातलं कोणीच थापा मारत नसतं. प्रत्येकाच्या हातात वेगळी आवृत्ती असते आणि साइटने सगळ्यांची मतं एकाच ढिगात ओतलेली असतात.

मी मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे पुस्तक उघडलं की गोष्टीच्या आधी माझी नजर शीर्षकपानाच्या पाठीमागे जाते. परीक्षण लिहिणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे वळतात. म्हणून एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांबद्दल लिहायचं तर काय बघायचं, कशात किती वेळ घालवायचा आणि काय सरळ सोडून द्यायचं, ते इथे सांगते. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: लेखकाने काय लिहिलं आणि प्रकाशकाने ते कसं छापलं, यांची सरमिसळ करू नका. वाचणाऱ्याला पहिल्या दोन ओळींतच कळलं पाहिजे की तुम्ही कोणत्या प्रतीवरून बोलताय.

आधी हातातली प्रत ओळखा

शीर्षकपानाच्या मागचं बारीक अक्षरांतलं पान वाचा. तिथे पहिल्या प्रकाशनाचं वर्ष असतं, पुढच्या आवृत्त्यांची वर्षं असतात, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक असतो, अनुवाद असेल तर मूळ पुस्तकाचं नाव असतं. या पानावरचा 'आवृत्ती' हा शब्द मात्र जपून घ्यायचा. पुष्कळ प्रकाशक नुसत्या पुनर्मुद्रणालाही आवृत्तीचा क्रमांक देतात. 'नववी आवृत्ती' म्हणजे मजकूर आठ वेळा बदलला असं नव्हे. तोच मजकूर नवव्यांदा छापला, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ. 'सुधारित', 'संवर्धित', 'संक्षिप्त', 'संपादित' यांपैकी एखादा शब्द दिसला की मात्र कान टवकारायचे. 'नव्या आवृत्तीच्या निमित्ताने' अशा नावाचं लेखकाचं मनोगत असेल तर ते आधी वाचून काढा. काय बदललंय हे लेखकानेच तिथे सांगितलेलं असण्याची शक्यता असते आणि तुमचं निम्मं काम वाचतं.

इंग्रजी पुस्तकांत त्याच पानावर कधी कधी १० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ अशी आकड्यांची ओळ दिसते. ती छपाईची खूण असते. त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे तुमच्या प्रतीची छपाई. वरच्या उदाहरणात तिसरी.

आयएसबीएन २००७ पासून १३ आकडी आहे, त्याआधी १० आकडी होता. हार्डकव्हर, पेपरबॅक आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक द्यायचे असतात, आणि काही न बदलता केलेल्या पुनर्मुद्रणाला जुनाच क्रमांक राहतो. म्हणजे क्रमांक जुळला तर मजकूर बहुधा तोच, पण कागद आणि छपाई तीच असेल याची हमी नाही. किंडलच्या पुस्तकांना अॅमेझॉनचा स्वतःचा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. आयएसबीएन दिसला नाही तर तो लिहा. फार जुन्या पुस्तकांवर यातलं काहीच नसतं, कारण आयएसबीएनची आंतरराष्ट्रीय पद्धतच १९७० च्या सुमाराची आहे. अशा वेळी प्रकाशक, वर्ष आणि पानांची संख्या एवढं पुरे.

साइट तुमच्या परीक्षणाचं काय करते ते माहीत असू द्या

गुडरीड्स या वाचकांच्या साइटवर एका पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्या एका छत्राखाली असतात आणि वर दिसणारं सरासरी रेटिंग सगळ्यांचं मिळून असतं. तुम्ही आपल्या यादीत नेमकी आवृत्ती निवडू शकता, ती निवडा. पण परीक्षण वाचणारा कोणत्याही आवृत्तीच्या पानावरून तुमच्यापर्यंत येऊ शकतो. लायब्ररीथिंग या तशाच साइटचीही रीत साधारण हीच. अॅमेझॉनवर पेपरबॅक, हार्डकव्हर, किंडल यांची परीक्षणं बऱ्याचदा एकत्र दिसतात आणि परीक्षणाच्या वर बारीक अक्षरांत फॉरमॅट लिहिलेला असतो. तो कोणी वाचत नाही, असं धरूनच चाला. कधी तर दोन वेगळ्या अनुवादकांची पुस्तकं एकाच पानावर जोडली जातात आणि एकाची स्तुती दुसऱ्याच्या पदरात पडते.

यावर उपाय साधा आहे. साइटच्या खुणेवर विसंबू नका. आवृत्ती स्वतःच्या शब्दांत, परीक्षणाच्या अगदी सुरुवातीला लिहा. शेवटी लिहिलीत तर 'आणखी वाचा'च्या मागे दडून जाईल.

पार्सल उशिरा आलं, खोका फाटलेला होता, कोपरा दुमडला होता, हे सगळं विक्रेत्याच्या अभिप्रायात. पुस्तकाच्या परीक्षणात या तक्रारी वाचल्या की माझा लाल पेन शिवशिवतो.

मजकूर खरोखर वेगळा आहे का

खरी मजा इथे आहे. दोन आवृत्त्यांत फरक आहे असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा मुखपृष्ठ आणि कागद एवढंच डोळ्यांसमोर असतं. पण काही पुस्तकांत गोष्टच बदललेली असते.

मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ मध्ये लेखिकेच्या नावाशिवाय आली. १८३१ मध्ये तिने स्वतः ती सुधारली आणि नवी प्रस्तावना जोडली. पहिल्या रूपात एलिझाबेथ ही व्हिक्टरची सख्खी आतेबहीण आहे. दुसऱ्यात ती कुटुंबाने सांभाळलेली अनाथ मुलगी होते. आता एका परीक्षकाने या नात्यावर नाक मुरडलं आणि दुसऱ्याने 'अहो, असं काही पुस्तकात नाहीच' म्हणून त्याला झापलं, तर दोघंही बरोबर असू शकतात. बाजारात आजही दोन्ही रूपं मिळतात. कोणतं वाचलंत ते सांगितलं नाही तर वाद मिटणार कसा?

अँथनी बर्जेसच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'चं प्रकरण याहून टोकाचं. ब्रिटनमध्ये १९६२ साली निघालेल्या पुस्तकात २१ प्रकरणं होती. अमेरिकन आवृत्तीतून शेवटचं गाळलं गेलं आणि तिथल्या वाचकांना ते १९८६ मध्ये परत मिळालं. त्या एका प्रकरणात नायक हिंसेला कंटाळून मोठा व्हायला लागतो. २० प्रकरणं वाचणाऱ्याचं पुस्तक आणि २१ वाचणाऱ्याचं पुस्तक, दोन्हींचा शेवट निराळा. अशा पुस्तकाच्या परीक्षणात प्रकरणांची संख्या लिहिली नाही तर बाकीचं लिहिणं फुकट.

ललित पुस्तकांपुरतंच हे नाही. डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' त्याच्या हयातीत १८५९ ते १८७२ या काळात सहा आवृत्त्यांतून बदलत गेलं. ज्या 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' शब्दांसाठी लोक त्याचं नाव घेतात ते हर्बर्ट स्पेन्सरचे आहेत आणि डार्विनच्या या पुस्तकात ते १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत आले. पहिल्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण विकत घेऊन 'प्रसिद्ध वाक्यच सापडलं नाही' म्हणून एक तारा देणाऱ्याला काय म्हणावं! आणि आपल्याकडे तर पाठभेद हा जुनाच विषय. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती प्रतींमध्ये फरक पडत गेले होते म्हणूनच.

आता तुमच्या हातातल्या दोन प्रतींत असं काही आहे का, हे सगळं पुस्तक दोनदा न वाचता कसं ओळखायचं? मी अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवते आणि प्रकरणं मोजते. मग चार जागा ताडून बघते: पहिला परिच्छेद, मधला एखादा भरपूर संवादांचा भाग, जिथे कविता, तक्ता किंवा तळटीप आहे ती जागा, आणि शेवटचं पान. संक्षेप करणारे सुरुवात आणि शेवट सहसा जपतात आणि मधल्या वर्णनांवर कात्री चालवतात, म्हणून मधली जागा सर्वांत बोलकी. दोन्ही प्रतींतली तीच दोन वाक्यं शोधा आणि त्यांच्यामध्ये किती परिच्छेद आहेत ते मोजा. एका प्रतीत सात आणि दुसरीत चार निघाले की समजायचं.

नुसत्या पानांच्या संख्येवरून मात्र काही ठरवू नका. '२४० पानांची आवृत्ती अपुरी आहे, पूर्ण ३३६ पानांची घ्या' असले सल्ले सर्रास दिसतात. हिशोब करून बघा. २४० पानांच्या प्रतीत पानाला ३२ ओळी आणि ओळीत सरासरी ११ शब्द असतील, तर पानावर ३५२ शब्द आणि पुस्तकात अंदाजे ८४,४८०. ३३६ पानांच्या प्रतीत २८ ओळी आणि ओळीत ९ शब्द असतील, तर पानावर २५२ आणि एकूण ८४,६७२. म्हणजे मजकूर तोच. फक्त अक्षर मोठं आणि समास ऐसपैस. परीक्षणात हा हिशोब मांडायची गरज नाही, 'मजकूर तितकाच, अक्षर मोठं' एवढी ओळ पुरते. पण ती लिहिण्याआधी हिशोब केलेला असू द्या.

छपाई, बांधणी, कागद

याबद्दल मी तासभर बोलू शकते, पण परीक्षणात तीन-चार वाक्यांवर जाऊ नये. वाचकाला कळायला हवं ते एवढंच: अक्षर वाचता येतं का, पुस्तक उघडं राहतं का, पानं टिकतील का.

अक्षर 'लहान' म्हणू नका. तुमचं लहान आणि माझं लहान वेगळं. पट्टी शेजारी ठेवून पानाचा फोटो काढा, प्रश्न संपला. दोन प्रती असतील तर त्याच मजकुराची पानं शेजारी ठेवून एकाच उजेडात फोटो घ्या. एखाद्या पानाचा तुकडा दाखवणं पुरेसं. प्रकरणंच्या प्रकरणं फोटोंतून वाटत बसू नका.

बांधणी ओळखायला पुस्तकाच्या कण्याकडची वरची कड बघा. घडी घातलेले गठ्ठे दिसले तर ते फर्मे. एका फर्म्याच्या मधोमध पुस्तक उघडलं आणि दोरा दिसला, तर शिवण आहे. गठ्ठे नाहीत, नुसती कापलेली पानं गोंदात बसवलीत, तर वारंवार उघडणाऱ्याने विचार करावा. आतला समास हा दुर्लक्षित विषय आहे. तो अरुंद असला की प्रत्येक ओळीची सुरुवात किंवा शेवट कण्याच्या घळीत जातो, आणि ही तक्रार त्या आवृत्तीच्या प्रत्येक प्रतीला लागू पडते, म्हणून ती जरूर लिहा.

याउलट फर्मा गळणं हा एका प्रतीचा दोष असू शकतो. पान ९६ नंतर एकदम ११३ आलं, तर १६ पानांचा एक फर्मा बांधताना राहिला. आधी प्रत बदलून मागा. बदललेल्या प्रतीतही तेच निघालं, किंवा दुसऱ्या कोणी नेमकी हीच पानं गायब असल्याचं लिहिलेलं सापडलं, तर तो आवृत्तीचा दोष म्हणून पानांच्या आकड्यांसह नोंदवा. 'मधली पानंच नाहीत' या वाक्यापेक्षा '९७ ते ११२ नाहीत' हे वाक्य शंभर पट कामाचं.

ई-बुक आणि देवनागरीची दुखणी

मराठी ई-बुकांबद्दल लिहिताना 'टायपो खूप आहेत' म्हणून सोडून देऊ नका. चुकांचे प्रकार असतात आणि त्यावरून दोष कुठला ते कळतं. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना पहिल्या वेलांट्या आणि रफार भलत्या अक्षरांवर जाऊन बसतात. स्कॅन करून अक्षर-ओळख केलेल्या मजकुरात 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म' होतो. तिसरा प्रकार माझ्या डोळ्यांत सर्वांत जास्त खुपतो: 'ऱ्य' नीट न उमटणं. 'दऱ्या' ओलांडणारा माणूस 'दर्या' ओलांडायला लागतो, डोंगरातली गोष्ट समुद्रात जाते. मी एकदा विकत घेतलेल्या एका ई-बुकात हा प्रकार पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत होता आणि परीक्षणांत एकानेही त्याचा उल्लेख केलेला नव्हता. सगळे कथानकाचे गोडवे गात होते.

दोष वाचनाच्या यंत्रातला की फाइलमधला, हे तपासायला तोच भाग फोनवर आणि संगणकावर उघडून बघा, फाँट बदलून बघा. सगळीकडे तसाच दिसला तर फाइल सदोष. ई-बुकाची फाइल प्रकाशक मागाहून बदलू शकतो, म्हणून परीक्षणात तुम्ही कोणत्या महिन्यात वाचलं ते घाला. फुकट नमुना मिळत असेल तर तो उतरवून बघायचा सल्ला वाचकांना द्या. पण पेपरबॅकच्या पानावर दिसणारा नमुना कधी कधी ई-बुकाचा असतो, हेही सांगा.

जुन्या पुस्तकांबाबत एक पथ्य. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत 'घरांत', 'नाहीं', 'कीं' असे अनुस्वार सापडतात. जशाच्या तशा छापलेल्या आवृत्तीत ते असणारच; त्यांना अशुद्ध म्हणून तारे कापणं हा अन्याय आहे. नव्या आवृत्तीत ते काढून लेखन आजच्या नियमांप्रमाणे केलं असेल तर तेवढं नमूद करा. कोणाला जुनी चव हवी असते, कोणाला वाचनाचा वेग. निवड वाचकाची. मला स्वतःला जुने अनुस्वार आवडतात, पण ते परीक्षणात लिहिण्याचं कारण नाही.

प्रस्तावना, टिपा, अनुवाद, ऑडिओ

अभिजात पुस्तकांच्या आवृत्त्यांत खरी स्पर्धा प्रस्तावना आणि टिपांची असते, कारण मूळ मजकूर स्वामित्वहक्काबाहेर गेलेला असतो आणि कोणीही छापू शकतो. प्रस्तावना कोणाची, किती लांब, आणि तिच्यात शेवट फुटतो का, हे सांगा. टिपा पानाच्या तळाशी की पुस्तकाच्या शेवटी? ई-बुकात टीप दाबली की उघडते, की शेवटचं पान शोधत बसावं लागतं?

अनुवाद म्हणजे दुसरं पुस्तक. अनुवादकाचं नाव पहिल्या ओळीत यायलाच हवं. मूळ भाषा येत नसेल तर 'मूळाला धरून आहे' असं म्हणू नका. तुम्हाला ते कळायचा मार्ग नाही. पण दोन अनुवादांतला तोच परिच्छेद शेजारी ठेवून कोणाचे संवाद माणसांसारखे बोलतात हे तुम्ही नक्की सांगू शकता. अनुवाद मूळ भाषेतून झालाय की मधल्या एखाद्या भाषेतून, हे बारीक अक्षरांच्या पानावर बघा.

ऑडिओबद्दल लिहाल तर पुस्तक वाचून दाखवणाऱ्याचं नाव, कालावधी, आणि पूर्ण की संक्षिप्त ते सांगा. एक ध्वनिमुद्रण अकरा तासांचं आणि दुसरं पाच तासांचं असेल, तर दुसऱ्यातला माणूस भराभर वाचतोय असं समजू नका.

तारे कशाला द्यायचे

साइटवर ताऱ्यांची रांग एकच असते, ही अडचण खरी. मी तारे लेखकाच्या मजकुराला देते आणि आवृत्तीबद्दलचं मत शब्दांत लिहिते. चिकट कागदासाठी लेखकाचे तारे का कापायचे? याला अपवाद एक: प्रकाशकाने वाचकाची फसवणूक केली असेल, म्हणजे न सांगता मजकूर कापला असेल, अनुवादकाचं नाव दडवलं असेल, किंवा वाचता न येणारा स्कॅन पुस्तक म्हणून विकला असेल, तर तारे आवृत्तीला. मात्र मग तसं पहिल्याच वाक्यात लिहायचं.

'पुस्तक अप्रतिम, प्रिंटिंग बोगस, १ स्टार' याच्या जागी मी असं काहीतरी लिहीन:

"चार तारे कादंबरीला. वाचलेली प्रत: पेपरबॅक, सुधारित आवृत्ती, २०१९, ३३६ पानं. लेखकाने शेवटचं प्रकरण नव्याने लिहिलंय आणि त्याने पुस्तकाला वजन आलंय. जुन्या आवृत्तीत नायिका गाव सोडते तिथेच गोष्ट थांबते. नव्या प्रस्तावनेत शेवट फुटतो, ती नंतर वाचा. अक्षर मोठं, कागद जाड, पण आतला समास अरुंद. पान १५० च्या आसपास पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं. जुनी प्रत असेल तर फेकू नका, पहिली बारा प्रकरणं जशीच्या तशी आहेत. ई-बुक पाहिलेलं नाही."

'ई-बुक पाहिलेलं नाही' हे शेवटचं वाक्य कंटाळा न करता लिहा, म्हणजे तुमचं मत न पाहिलेल्या रूपाला कोणी चिकटवणार नाही. दुसरी आवृत्ती पुढे हाती आली तर नवं परीक्षण टाकण्यापेक्षा जुन्यातच तारीख घालून भर घाला; जुना मजकूर पुसू नका, खाली जोडा. आणि प्रकाशकाने एखादा दोष दुरुस्त केल्याचं दिसलं, तर तुमच्या तक्रारीच्या शेजारीच तसं लिहा. नाहीतर दुरुस्त झालेल्या पुस्तकाखाली तुमचं जुनं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं सर्वांत वर झळकत राहतं, कारण 'उपयुक्त' म्हणून लोकांनी त्यालाच मतं दिलेली असतात.